एक मणी कमी

जालना, ९ जून २००४

दादा,

हैदराबादहून वजनाचा अहवाल आला. तिथल्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी आधी फोन केला, मग फॅक्स पाठवला. फोनवर त्यांनी जरा बिचकतच विचारलं, "हा माल तुम्ही विकला होता?" मी हो म्हटलं. पुढे त्यांनी काही विचारलं नाही. सभ्य बाई आहेत.

एप्रिलमध्ये आपण बियाणं कंपनीला दिलेल्या प्रोबच्या नळीत एक नाही, दोन वस्तू आहेत. एक, जी आपण विकली. दुसरी तिच्याहून किंचित हलकी, आणि ती थोडीथोडकी नाही, जवळजवळ निम्मी. किती हलकी, तर बरोबर एका मण्याइतकी.

मणी म्हणते, कारण पाहुण्यांना प्रोब, म्हणजे आपण बनवलेला डीएनएचा तुकडा, समजावताना तू हाच शब्द वापरायचास. "ही मण्यांची माळ. यंत्र एकेक मणी ओवतं. त्यातला एक मणी आम्ही खास, रसायनानं बदललेला बसवतो. त्याच्यामुळे ही माळ फक्त परक्या वाणाला चिकटते, शुद्ध बियाला शिवत नाही. चिकटली की चमकते. चमकली की समजायचं, बियात भेसळ." पाहुणे माना डोलवायचे, तू चहा मागवायचास. मला वाटायचं, हा इतकं सोपं करून सांगतो म्हणजे याला अवघडही येत असणार.

तर तो खास मणीच निम्म्या माळांत बसलेला नाही. बाकीची माळ पुरी, मधला तेवढा गायब. अशी माळ परक्यालाही चिकटते आणि आपल्यालाही. कुठल्याही बियासमोर ठेवा, चमकते.

ती कुणाच्या बियासमोर ठेवली गेली हे तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण नंतर "मला कुणी सांगितलं नाही" असं तू म्हणतोस. राजूरच्या तुळजाबाई कंपनीसाठी कपाशीच्या संकरित बियाण्याचा प्लॉट घेतात. संध्याकाळी कळीतला नर खुडायचा, सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाची पूड लावायची, असं फूल न् फूल बायकांच्या हातून. मे महिन्यात कंपनीच्या लॅबनं त्यांचा सगळा लॉट आपल्या प्रोबनं तपासला. सगळे नमुने चमकले. शेरा पडला: भेसळ. पोती कंपनीच्या राजूरच्या गोदामात सील करून ठेवली आहेत. महिनाअखेरीस ती सरकी म्हणून तेलाच्या घाण्यावर जातील आणि तुळजाबाईंचं नाव बीजोत्पादकांतून कायमचं कमी होईल.

तुझा शाळेतला मित्र मुकुंद त्या कंपनीत गुणवत्तेचा मॅनेजर आहे. तो म्हणतो, प्रोबच्या प्रमाणपत्रावर ज्याची सही, त्यानं लिहून द्यावं की ही बॅच सदोष होती. मग तो निकाल रद्द करून नव्यानं तपासेल. सही तुझी आहे. चार ओळींचा मजकूर टाइप करून सोबत पाठवते. तू फोन उचलत नाहीस म्हणून कुरिअर.

पुण्याची नवी जागा मानवली असेलच. आईचा डोळा बरा आहे.

रजनी

जालना, १८ जून

दादा,

तुझं पत्र मिळालं. कंपनीचा कागद छान आहे. 'तांत्रिक संचालक' हे शब्द तुझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापलेत, ते बरोबरच आहे.

चार ओळींखाली सही मागितली होती. तू दोन पानं लिहिलीस आणि सही केलीस ती 'तुझा दादा' या शब्दांखाली. त्याचा मुकुंदला उपयोग नाही. मलाही फारसा नाही.

तू लिहितोस की ओलाव्यामुळे मणी बसला नाही हे त्या चार ओळींतलं माझं म्हणणं पुस्तकी आहे. आहेच. ओलसर झालेला मणी माळेत बसत नाही हे पुस्तकातच दिलेलं आहे. ते पुस्तक तू माझ्याकडून नेलंस आणि परत दिलं नाहीस, तेव्हा पान तुला लगेच सापडेल. पुढे तू म्हणतोस, "जालन्यात प्यायला पाणी नाही, हवेत कुठून येणार?" हे वाक्य तुला फार आवडलेलं दिसतं. खाली रेघ मारली आहेस.

कुठून आलं ते सांगते.

काल आईला पुढच्या खोलीत बसवलं. ऑपरेशननंतर तिला आता लांबचं स्वच्छ दिसायला लागलं आहे. समोर भिंतीवर तुझा फ्रेम केलेला फोटो, पेपरात 'मराठवाड्यात प्रथमच' म्हणून आला होता तो. तू यंत्रापाशी उभा, एका हातात खास मण्याची ती छोटी बाटली, दुसऱ्या हातात तिचं बूच. आई बराच वेळ बघत होती. मला वाटलं, लेकाचं कौतुक चाललंय. मग म्हणाली, "रजू, त्याच्या मागं तो माझा कूलर आहे का गं?"

तिचाच आहे. तोच हिरवा पत्रा, त्याच वाळ्याच्या ताट्या. मी तिला घेऊन औरंगाबादला डोळ्याच्या दवाखान्यात होते तेव्हा तू तिच्या खोलीतला कूलर उचललास आणि यंत्राच्या खोलीत नेऊन लावलास. भारनियमन होतं, इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, कूलर चालतो, आणि तुझ्या पाहुण्यांना घाम येत होता. उन्हाळ्यात आपल्याकडे माणूस आला की त्याला आधी कूलरसमोरची खुर्ची देतात. तेवढी रीत तुझ्या लक्षात राहिली. त्या खोलीत आपण पाण्याचा माठसुद्धा ठेवत नव्हतो, हे राहिलं नाही.

ती बाटली कोरडी राहावी म्हणून आपण बाहेरून गॅसचे सिलिंडर मागवतो. बूच काढायचं नसतं, बुचातून सुई घालून आत द्रावक सोडायचं असतं. तू बूच काढलंस, कारण बंद बाटली फोटोत औषधाची दिसली असती. पेपरवाला "साहेब, आणखी एक" म्हणाला असेल, तर आणखी एकदा थांबलास. मागून वाळ्याचा गार, ओला वारा. त्या वाऱ्यात पाहुणेही खूश आणि बाटलीही.

अजून एक आहे. बिघडलेल्या माळा चांगल्या माळांतून वेगळ्या काढता येतात. त्याला शुद्धीकरण म्हणतात. दोन दिवसांचं काम. पण दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया होती, आणि मखमली डबीतली नळी नारळासह बियाणं कंपनीच्या शेठजींच्या हाती द्यायचा मुहूर्त तू पत्रिकेवर छापून बसला होतास. नुसते क्षार काढलेस आणि नळी डबीत ठेवलीस. अक्षय्य तृतीयेला दिलेलं कधी कमी होत नाही म्हणतात. तुझ्या हातून तेही झालं.

शेवटच्या परिच्छेदात तू सुचवतोस की कदाचित प्लॉटच अशुद्ध असेल, "शेवटी बायकांनी हातानं केलेलं काम आहे." माळ तू यंत्रानं केली होतीस, दादा.

सही पाठव.

रजनी

जालना, २४ जून

दादा,

उत्तर नाही. हरकत नाही, तुझ्या उत्तराविना इथं बरंच घडतं.

काल तुळजाबाई आल्या. जीपमधून, ड्रायव्हरला फाटकाशी थांबवून. त्या गरीब बिचाऱ्या वगैरे असतील अशी तुझी समजूत असेल तर काढून टाक. राजूरला गणपतीच्या यात्रेत त्यांच्या घरची पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही. कुणाच्या प्लॉटात काय चुकलं ते त्या चार माणसांत सांगतात, म्हणून आता त्यांचाच लॉट सील झाल्यावर अर्धं राजूर गालात हसतं आहे. हे त्यांनीच सांगितलं, रागानं. बी गेलं तर दुसरं करीन म्हणतात. नाव गेलं तर मात्र त्या कुणाला प्लॉटच्या बांधावर उभं राहून बोलू शकणार नाहीत.

चपला काढून यंत्राच्या खोलीत आल्या. यंत्राकडे जरा वेळ बघितलं.

"ह्येच का ते? ह्यानं माझं बी खराब ठरवलं?"

"यंत्रानं नाही. यंत्रात जे घातलं त्यानं."

"मंग कोन्ही घातलं?"

"माझ्या भावानं."

"त्ये फोटूवालं साहेब?" त्या स्टुलावर बसल्या. "मी आल्ते की त्या दिवशी. शेठनं बोलावलं होतं. काय गार वारं येऊन राह्यलं होतं, माझा पदर उडून राह्यला होता. मी म्हन्लं, सोय करावी तर अशी माणसानं."

मी त्यांना बाटली, बूच, कूलर, सगळं सांगितलं. तू पाहुण्यांना सांगायचास तसंच, मण्यांच्या भाषेत. त्यांनी मध्ये एकदाही मान डोलवली नाही.

"म्हंजी ज्या वाऱ्याला मी पदर धरून बसले, त्याच वाऱ्यानं मला बुडवलं."

"हो."

"आन् ही गोष्ट साहेबाला ठावं हाये?"

"लिहिलं आहे मी."

"मंग सही का न्हाई करून देत?"

मी म्हटलं, त्याला पुण्यात मोठी नोकरी लागली आहे. हाच खास मणी बसवण्याच्या कामाची. जालन्याचा प्रोब सदोष निघाला असं त्याच्याच सहीनं लिहून दिलं तर तिथं काय तोंड दाखवणार?

"अस्सं. त्यांचं नाव राहावं म्हणून माझं जावं." त्यांनी पदर खोचला. "काय नाव त्यांचं?"

"गिरिधर."

"ऐकलं न्हाई कधी," म्हणाल्या आणि उठल्या.

हे तुला मुद्दाम कळवते आहे. तुला आपल्या नावाची फार काळजी वाटते म्हणून.

मी गेल्या आठवड्यात तोच प्रोब पुन्हा केला. नवी बाटली, दारं बंद, खोलीत मी एकटी, घामानं भिजलेली. नंतर दोन दिवस शुद्धीकरण. मुकुंदनं सील केलेल्या पोत्यांतले नमुने त्यावर लावून बघितले. एकही चमकला नाही. मला वाटलं, सुटलो. मुकुंद म्हणाला, "रजनी, एकाच दुकानातली एक माळ म्हणते भेसळ, दुसरी म्हणते शुद्ध. मी वर काय दाखवू? पहिलीच्या कागदावर ज्याची सही आहे, तो जोवर ती खोटी म्हणत नाही तोवर ती खरी. तुमच्या बहीणभावाच्या भांडणात मला घालू नका."

मी त्याला विचारलं, नवी बॅच आली की आधी खात्रीच्या शुद्ध बियावर लावून बघायची असते, ते का नाही केलंस? तो कागद चाळायला लागला. मग म्हणाला, "गिऱ्यानं सांगितलं होतं, माझ्या मालाची परीक्षा घेतोस का रे? शाळेतला मित्र. वाईट दिसलं असतं."

तेव्हा तूही निर्धास्त राहा, या गोष्टीत अडाणी तू एकटा नाहीस.

तीस तारखेला घाण्याचा ट्रक येईल.

रजनी

जालना, २ जुलै

गिरिधर,

तुझा सही केलेला कागद तीस तारखेला सकाळी पोचला. कबूल करते, पाकीट फोडताना मला बरं वाटलं होतं. पहिल्या तीन ओळी माझ्याच आहेत. बॅच सदोष होती असं सांगणारी चौथी तू बदललीस.

"संश्लेषणाच्या काळात खोलीतील परिस्थितीवर स्थानिक कर्मचाऱ्यांचे नियंत्रण होते, तसेच संबंधित बियाण्याच्या शुद्धतेबाबत मी कोणतेही मत व्यक्त करीत नाही."

स्थानिक कर्मचारी म्हणजे मी. त्या दिवशी मी आईच्या डोळ्यावरची पट्टी सांभाळत होते हे तुला माहीत आहे, कारण दवाखान्यात तुझा फोन आला होता. डोळ्याची चौकशी करायला नाही. कूलरची पाण्याची मोटर कुठून सुरू होते ते विचारायला. तेव्हा मला वाटलं, घरी उकडत असेल बिचाऱ्याला.

मुकुंदनं कागद वाचला आणि मला परत दिला. म्हणाला, "ह्यात गिऱ्या सोडून सगळे अडकतात." त्याला हसू आलं. मला आलं नाही. पण हा कागद मी जपून ठेवणार आहे. इतकी शुद्ध वस्तू तुझ्या हातून पहिल्यांदाच तयार झाली.

ट्रक आला होता. गोदामाच्या दारावर कंपनीचं सील होतं, आणि सीलच्या वर तुळजाबाईंचं कुलूप. हे एवढं पितळी, त्यांच्या वाड्याच्या फाटकाचं. समोर त्या खुर्ची टाकून बसल्या होत्या. सोबत प्लॉटवर काम करणाऱ्या बायका. मुकुंदला फोन गेला, त्यानं मला मोटरसायकलवर मागं बसवून नेलं.

"तुळजाबाई, हे बरोबर नाही. माल कंपनीचा आहे."

"माल कंपनीचा, बराबर. खोटा ठरला तो मात्र माझा. हे कसं?"

"रिपोर्ट आहे ना तसा."

"रिपोर्टला काय डोळे हायेत? पेरा ना तुम्ही माझं बी. तुमच्याच हातानं पोत्यातून काढा, माझ्या रानात पेरा, तुमचा माणूस बसवा राखणीला. फूल आलं की बघा. माझ्या बियाच्या फुलाला बुडाशी लाल ठिपका राहतो. परका असंल तर नुसतं पिवळं. ठिपका न्हाई निघाला तर मी सोता ट्रकात पोती भरून देते."

मुकुंद माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, पंधरा वर्षांपूर्वी तुम्ही सगळे असंच तर तपासत होतात. तो म्हणाला, त्याला दोन महिने लागतात. तुळजाबाई म्हणाल्या, "मला बिलकुल जल्दी न्हाई. खुर्ची आणलीच हाये."

ट्रकवाला रिकामा गेला, जाताना त्यानं भाडं मागितलं आणि बायकांनी त्याला जे सांगितलं ते मी लिहीत नाही. काल तुळजाबाईंनी कुलूप काढलं, मुकुंदनं स्वतः सील तोडून नमुना काढला, पुन्हा सील लावलं. राजूरला तुळजाबाईंच्या रानात ओळी पेरल्या. शेजारी खात्रीच्या बियाची एक ओळ, दुसऱ्या अंगाला परक्या वाणाची एक. सीलवर कुलूप पुन्हा तसंच आहे. किल्ली त्यांच्या कमरेला.

तुझी सही आता लागणार नाही. तरी विचार करायला तुला दोन महिने आहेत.

रजनी

जालना, ३१ जुलै

गिरिधर,

परवा मुकुंद माझ्याकडे आला, दार लोटून बसला आणि म्हणाला, "सांगू की नको?" तुझा फोन आल्याचं मला तेव्हाच समजलं. असा चेहरा माणसाचा तुझ्याशी बोलल्यावरच होतो.

माझा फोन तुला दिसत नाही, मुकुंदचा नंबर मात्र पाठ आहे. तू त्याला म्हणालास, लॉट कशाला अडवून ठेवलास, गोदाम मोकळं कर, घाण्याला देऊन टाक, प्रकरण मिटेल. बाईंची समजूत तू काढशील, हवं तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या नावानं प्लॉट मिळवून देशील. आणि वर म्हणालास, "रजनीचं मनावर घेऊ नकोस, तिला पहिल्यापासून माझ्या नावाचा त्रास आहे."

इतके दिवस मी समजत होते की तू भित्रा आहेस. भित्र्या माणसाची कीव करता येते. पण उगवलेलं रोप फुलायच्या आत पोती घाण्यात गेली पाहिजेत, म्हणजे फुलं काही म्हणाली तरी ऐकायला मालच उरणार नाही, हा हिशेब भित्र्याचा नाही. तुला पक्कं माहीत आहे की बी शुद्ध आहे. पहिल्यापासून माहीत आहे. 'मत व्यक्त करीत नाही' म्हणालास ते त्यासाठीच.

तुझ्या नावाचा मला त्रास नाही. आपल्या दोघांच्या दुकानात रसायन मी केलं आणि भाषणं तू केलीस, ती वाटणी मला चालत होती. तुला बोलता येतं, मला येत नाही. बोलणारा माणूस नुसता बोलणाराच असतो हे मला फार उशिरा कळलं, इतकंच.

मुकुंदनं तुला काय उत्तर दिलं ते त्यानं सांगितलं नाही. जाताना म्हणाला, "दहावीला त्याला जीवशास्त्राचा पेपर मी दाखवला होता." मी म्हटलं, दिसतंय.

रोपं गुडघ्याला आली आहेत. पाऊस बेताचा आहे. तुळजाबाईंनी राखणीला बसलेल्या कंपनीच्या माणसाला जेवायला घालून घालून आपलंसं केलंय अशी तक्रार मुकुंदकडे गेली, म्हणून त्यांनी त्याचं जेवण बंद केलं आणि मुकुंदला निरोप दिला, "तुमचा माणूस उपाशी हाये, डबा धाडा." आता रोज एमआयडीसीतून टेम्पोबरोबर त्याचा डबा जातो.

आईला तू फोन करतोस ते कळलं. तिला तू सांगितलंस की कूलर पाहुण्यांनीच आणला होता. ती मला म्हणाली, "माझा कूलर मला ओळखू येत नाही का? तेव्हा डोळा बांधलेला होता, आता नाही." फोटो तिनं भिंतीवर तसाच ठेवला आहे. काढू का विचारलं तर म्हणाली, "असू दे, कूलर छान आलाय."

रजनी

जालना, २७ ऑगस्ट

गिरिधर,

काल राजूरला गेले होते. कळ्या धरल्या आहेत. हिरव्या वेष्टनातून पिवळं टोक दिसतं, आत काय आहे ते दिसत नाही. एक कळी सोलून बघावी असं मला वाटलं आणि मी हात पुढे केला. तुळजाबाईंनी मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या. मंग म्हणतील, बाईनं फुलाला रंग लावला."

त्या नेहमीसारख्या बोलत होत्या, मजूर बायकांना ओरडत होत्या, पण परत निघताना मला बांधापर्यंत सोडायला आल्या आणि एकदम म्हणाल्या, "ताई, येखादं पिवळं निघालं तर?" मी म्हटलं, निघणार नाही. "तुमची दुसरी माळ म्हणती म्हणून?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "माळ सोडा. मला झोप येऊन नाही राह्यली." इतकी वर्षं त्यांनी कुणाला हे म्हटलं नसेल. त्यांना ते माझ्यापाशी म्हणावं लागलं, तुझ्यामुळे.

मुकुंदनं दिवस ठरवला आहे. रविवार, ५ सप्टेंबर. तोवर बहुतेक ओळी फुलतील. शेठजी येणार, कंपनीची माणसं येणार, राजूरचे बाकीचे बीजोत्पादक तर बोलावल्याशिवाय येणार, हसायचं की नाही ते ठरवायला. एकेक झाड बघून मोजणी होईल. लाल ठिपका निघाला तर त्याच दिवशी गोदामाचं कुलूप निघेल, पोती पुढच्या हंगामासाठी बियाणं म्हणून राहतील, आणि एप्रिलचा आपला प्रोब सदोष होता असा शेरा मुकुंद स्वतःच्या सहीनं लिहील. त्याच्या प्रती जिथं जिथं ती बॅच दाखवली गेली तिथं जातील. तुझ्या अर्जासोबत पुण्यातही ती दाखवली होतीस, असं तुझ्या कंपनीतल्या एक बाई सांगत होत्या.

हो, त्यांचा फोन आला होता, सोमवारी. जालन्याचा तो प्रोब कसा काय चालला, असं विचारत होत्या. तुला वाटत असेल मी सगळं सांगून टाकलं. नाही. मी म्हटलं, पाच तारखेनंतर फोन करा, तेव्हा मला नक्की सांगता येईल. तेव्हा त्यांना जे सांगायचं ते आधी स्वतः सांगायला तुला आठवडा आहे. सांगशील असं मला वाटत नाही, पण आई म्हणाली, त्याला वेळ दे. मी दिला.

तुळजाबाईंना मी म्हटलं, त्या दिवशी माझ्या भावालाही बोलावू का? त्या हसल्या. म्हणाल्या, "बोलवा की. या म्हणावं. सगळ्यांच्या पुढं खुर्ची ठेवते त्यांना. पण सांगून ठेवा, रानात कूलर न्हाई."

शिवाजीनगरहून रात्री निघणारी एसटी पहाटे जालन्याला येते. राजूरची गाडी लगेच मिळते. मोजणी आठला सुरू होईल.

रजनी